पळता पाणी थोडं

समुद्रात हरलेल्या माशाकडे एक सोय असते जी टाकीतल्या माशाला कधीच मिळत नाही, निघून जायची सोय. रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, दोन मासे भिडले की बहुतेक वेळा प्रकरण काही सेकंदांत आटपतं. पंख ताठ करायचे, अंग आडवं धरून आपण केवढे मोठे आहोत ते दाखवायचं, फारच झालं तर एखादी धडक, आणि मग दोघातला एक जण काय ते समजून चालता होतो. जिंकलेला त्याच्यामागे थोडं अंतर जातो आणि परत फिरतो, कारण त्याला जीव घ्यायचाच नसतो, समोरचा नजरेआड झाला की त्याचं काम झालं. आता हेच काचेच्या खोक्यात बघा. हरलेला पळतो, काच लागते, वळतो, दुसरीकडे पळतो, परत काच. तो नजरेआड होतच नाही, त्यामुळे जिंकलेल्याच्या लेखी भांडण अजून चालूच असतं, हा अजून इथेच आहे म्हणजे हा अजून ऐकत नाहीये, मग तो परत अंगावर जातो, आणि परत, आणि परत. नवीन मासा सोडायचा म्हणून आपण जेवढ्या म्हणून युक्त्या करतो ना, बॉक्स लटकवा, दगड हलवा, लाईट बंद करा, त्या सगळ्या मला आता एकाच गोष्टीच्या उठाठेवी वाटतात. टाकीत नसलेलं 'लांब' कुठूनतरी पैदा करायचं.

आमच्या टाकीचा मालक म्हणजे मी नव्हे, रॉयल डॉटीबॅक. बोटाएवढा मासा. पुढचं अर्धं अंग जांभळं आणि मागचं पिवळं, मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द. डाव्या बाजूच्या लाइव्ह रॉकखाली (म्हणजे बारीक जीव वसलेला समुद्री दगड) त्याचं बीळ आहे, तिथून तो डोकं बाहेर काढून दिवसभर बघत असतो, आणि मधूनमधून फेरी मारतो, तीही ठरलेल्या वाटेनेच. उजव्या कोपऱ्यात ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी. त्यांनी टॉर्च कोरल नावाच्या प्रवाळाला घर मानलंय आणि त्या कोरलच्या आसपास वीतभर पाण्यात माझा हात गेला तरी मादी येऊन चावा घेते, इवलंसं तोंड, पण हात दचकून मागे येतोच. म्हणजे टाकी दिसायला एक, पण आतमध्ये दोन राज्यं आणि मधे थोडी कोणाचीच नसलेली जागा. ही मधली जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लोक अशा माशांना गुंड म्हणतात, मीही म्हणते रागाच्या भरात, पण मला ते मनापासून पटत नाही. हद्द सांभाळणारा मासा काहीतरी खरंच सांभाळत असतो. स्टेगॅस्टिस जातीचे डॅमसेल नावाचे छोटे मासे घ्या, ते रीफवर चक्क शेती करतात. आपल्या तुकड्यात हवं ते शेवाळ वाढू देतात आणि नको ते उपटून बाहेर नेऊन टाकतात, आणि त्या वाफ्याजवळ कोणी आलं तर आपल्यापेक्षा दसपट मोठ्या माशाच्या, इतकंच काय पाणबुड्याच्याही अंगावर धावून जातात. ते शेवाळ गेलं तर त्यांचं पोट गेलं. कोणाला अंडी राखायची असतात, कोणाला जोडीदार, कोणाला फक्त रात्री झोपायचं बीळ. डॉटीबॅकचं बीळ म्हणजे त्याचं सगळं काही, रीफवर बीळ नसलेला बोटभर मासा म्हणजे कोणाचं तरी खाद्य. टाकीत त्याला खाणारं कोणी नाही हे मला माहितीये, त्याला कोण सांगणार.

आणि क्लाउनफिशचं राजकारण तर वेगळाच विषय आहे, थोडं विषयांतर होतंय पण सांगतेच. त्यांच्यात सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि ॲनिमोनीत (क्लाउनफिश ज्यात राहतात तो फुलासारखा दिसणारा प्राणी) आणखी कोणी असतील तर ते उतरत्या आकाराचे. मादी मेली की नर स्वतःच मादी होतो आणि खालचा एक पायरी वर चढतो. 2003 साली पीटर बस्टन या संशोधकाने दाखवून दिलं की खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढ मुद्दाम रोखून धरतो, वरच्याच्या साधारण 80 टक्क्यांच्या आसपासच राहतो, कारण त्याहून मोठा झाला तर वरच्याला तो दावेदार वाटायला लागतो आणि मग हकालपट्टी. ॲनिमोनीबाहेर हाकललेला क्लाउनफिश रीफवर फार टिकत नाही. म्हणजे ज्याला बाहेर जायला जागा नाही तो भांडण टाळायला स्वतःचं अंगच आवरून धरतो. हे वाचल्यापासून मी आमच्या छोट्या नराकडे जरा वेगळ्या नजरेने बघते. तो मादीसमोर अंग थरथरवतो ना, ती थरथर म्हणजे 'तूच मोठी, मला राहू दे' असं कबूल करणं. नवीन टँकवाले घाबरून विचारतात आमच्या माशाला फिट येते का. नाही हो, तो सलोखा करतोय.

मग प्रश्न येतो की हद्दवाला मासा नेमका कोणावर चिडतो. सगळ्यांवर नाही. आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखं खाणारा, आपल्यासारखं बीळ शोधणारा, यांच्यावर. कोनराड लॉरेंझ, ज्यांना 1973 साली प्राण्यांच्या वागणुकीवरच्या कामासाठी नोबेल विभागून मिळालं, त्यांनी रीफवरच्या भडक रंगांच्या माशांचं निरीक्षण करून असं मांडलं होतं की हे रंग म्हणजे आपल्याच जातभाईंसाठी लावलेल्या पाट्या आहेत, इथे मी राहतो, तू नको येऊ. पुढच्या अभ्यासकांनी त्या कल्पनेला बरेच फाटे फोडले, रंगांची इतर पुष्कळ कामं असतात, पण टँकवाल्याला त्यातला मूळ धागा रोज दिसतो. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढऱ्या वर्तुळांची नक्षी, आणि मोठा मासा निळ्यावर पिवळे पट्टे, दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका फरक. त्यामागचं एक कारण असं मानलं जातं की पिल्लाला मोठ्यांच्या हद्दीत बिनबोभाट वावरता यावं. ज्याच्या अंगावर पाटीच नाही तो दावेदार कसा.

टाकीत मात्र आपण असे शेजारी आणून बसवतो जे समुद्रात जन्मात भेटले नसते. रॉयल ग्रामा नावाचा मासा आहे, तोही पुढून जांभळा मागून पिवळा, आमच्या डॉटीबॅकचा जुळा भाऊ वाटेल, फक्त त्याचे दोन रंग एकमेकांत विरघळत जातात आणि वरच्या पंखावर काळा ठिपका असतो. एक कॅरिबियनचा, दुसरा पश्चिम पॅसिफिकचा, एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पण एका टाकीत टाकले तर डॉटीबॅक ग्रामाच्या पंखांच्या चिंध्या करतो, कारण त्याला वंशावळ दिसत नाही, जांभळं-पिवळं दिसतं. तसंच टँग माशांचं. पर्पल टँग तांबड्या समुद्राकडचा, यलो टँग मुख्यतः हवाईचा, पण दोघांचं अंग तव्यासारखं चपटं, दोघांचं तोंड पुढे आलेलं, दोघंही दिवसभर शेवाळ खरवडणारे, आणि दोघांच्या शेपटीच्या बुडाशी सुरी. ती सुरी शोभेची नसते, शेपटीचा एक फटका बसला की समोरच्याच्या अंगावर सरळ चीर पडते. आधी आलेला टँग नंतर आलेल्याला बघून शेपूट त्याच्याकडे वळवायला लागला की समजायचं, आता प्रकरण पंख फुलवण्यावर थांबणार नाही.

तर हा सगळा हिशोब डोक्यात ठेवून मी कॅनरी रॅस निवडली. पिवळी धमक, लांबुळकी, वरच्या पंखावर काळे ठिपके, दिवसभर दगडांवरून काहीतरी टिपत फिरणारी. अंगाची ठेवण डॉटीबॅकसारखी नाही. बीळ तिला लागत नाही आणि हेच मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण ती झोपते वाळूत. भीती वाटली तरी वाळूत. डोकं खाली, शेपटीचा एक झटका, आणि मासा गायब, वर वाळूचा साधा फुगवटाही राहत नाही. म्हणजे ही बाई आपलं 'लांब' स्वतःबरोबर घेऊनच येते, तिला पळायला काचेच्या पलीकडचं पाणी लागत नाही, पायाखालची दोन-तीन इंच बारीक वाळू पुरते. (खडबडीत, टोकदार खडी असेल तर मात्र नको, अंग सोलवटतं.)

डॉटीबॅकपर्यंत पोचायच्या आधी तिला बरंच काही पार करायचं होतं, आणि मला वाटतं टाकीतली अर्धी भांडणं खरं म्हणजे इथेच हरली जातात. पिशवीतून आलेला मासा म्हणजे अंधारात, हिंदकळत, स्वतःच्याच घाणीत तासन्‌तास बसलेला मासा. त्या पिशवीतली केमिस्ट्री समजून घेण्यासारखी आहे. मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, पिशवी बंद, म्हणून पीएच घसरत जातो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. त्याच वेळी पाण्यात अमोनिया साठतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप माशाला फारसं बाधत नाही. आता आपण काय करतो, पिशवी उघडतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच झपाट्याने वर चढतो, आणि तेच अमोनियम विषारी अमोनियात बदलायला लागतं. अशा वेळी पिशवीचं तोंड उघडून, त्याच पाण्यात थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत दोन तास ड्रिप करत बसणं म्हणजे काळजी घेण्याच्या नावाखाली माशाला विषात भिजत ठेवणं. थोडक्या प्रवासाचा मासा असेल तर ड्रिपने काही बिघडत नाही, लांबून आलेल्याचं वेगळं. मी बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवते, मग उघडून ताबडतोब सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, मोजते आणि क्वारंटाइन टँकची (नवीन मासा आधी वेगळा ठेवायची छोटी टाकी) सॅलिनिटी आधीच त्याच्या आसपास आणून ठेवलेली असते, मासा काढायचा, सोडायचा, पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं. दुकानातलं पाणी पुष्कळदा घनतेच्या मापात 1.020 च्या आसपास पातळ ठेवलेलं असतं आणि आपला रीफ टँक 1.025-1.026 वर, हा फरक क्वारंटाइनमध्ये काही दिवसांत सावकाश भरून काढता येतो. घट्ट पाण्यातून पातळ पाण्यात जाणं मासे बऱ्यापैकी सोसतात, पातळातून घट्टात जाताना घाई केली की त्रास होतो.

क्वारंटाइन म्हटलं की सगळे रोगाबद्दल बोलतात, बरोबरच आहे, क्रिप्टोकॅरियन म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की त्याच्या गाठी वाळूत-दगडांवर आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतात, म्हणून तर टाकी अडीच महिने बिनमाशांची ठेवायला सांगतात. पण क्वारंटाइनचा दुसरा फायदा मला तेवढाच मोठा वाटतो, मासा तिथे माणसात येतो. म्हणजे, माशात येतो. खायला शिकतो. रॅससाठी मी बुडाला वाळू नसलेल्या त्या टाकीत एका पसरट डब्यात वाळू ठेवली होती (तांब्याचं औषध द्यायचं असेल तर प्रवाळाची वाळू चालत नाही, ती तांबं शोषून घेते, सिलिकाची घ्यावी). ती पहिले काही दिवस भलत्याच वेळी झोपायला जायची, भर दुपारी वाळूत, आणि मी लाईट बंद करायला गेले की ही फिरायला बाहेर. तिच्या अंगातलं घड्याळ अजून तिच्या जुन्या समुद्राच्या वेळेवर चालत होतं. हळूहळू सरकलं. मायसिस श्रिंप (कोळंबीसारखं बारीक खाद्य) हातातून घ्यायला लागली, पोट भरलं, पाठ जाड झाली, तेव्हा कुठे मला वाटलं आता हिला कोणाच्या समोर उभं करायला हरकत नाही. उपाशी, बावरलेला मासा हद्दवाल्यासमोर सोडला की तो भांडतही नाही आणि पळतही नाही, कोपऱ्यात वर जाऊन थरथरत उभा राहतो, आणि समोरच्याला तेच निमंत्रण.

मग ॲक्लिमेशन बॉक्स. पारदर्शक प्लास्टिकचा, बाजूंना फटी किंवा भोकं असलेला डबा, टाकीच्या आत काचेला लटकवायचा. पाणी तेच, वास तोच, नजरानजर पूर्ण, फक्त दात पोचत नाहीत. आत मी एका वाटीत वाळू ठेवली होती, वाळूत झोपणाऱ्या माशाला नुसत्या प्लास्टिकच्या बुडावर ठेवणं म्हणजे छळ आहे, तोंड आपटून आपटून जखमा करून घेतो. डॉटीबॅक आला. डब्याला एक फेरी, दोन फेऱ्या, मग धाडकन प्लास्टिकवर तोंड. त्या दिवशी तो खाणंसुद्धा विसरला, खाण्याचा इतका हावरट मासा, पण डब्यासमोरून हलेना. बघायला वाईट वाटतं, डब्यातली वाळूत घुसून बसलेली आणि हा बाहेर गस्त घालतोय. पण इथेच घाई करायची नाही. बॉक्समध्ये किती दिवस ठेवायचं असं विचारतात लोक, आणि कोणी तीन सांगतं कोणी सात, मला दिवस मोजणं पटत नाही, वागणं मोजावं. जो मासा डब्यावर चाल करून येत होता तो डब्यावरून सरळ निघून जायला लागला, खायला टाकल्यावर डब्याकडे पाठ करून खायला लागला, की त्याच्या लेखी डबा जुना झाला. तोवर थांबायचं, मग ते दोन दिवसांत होवो की दोन आठवड्यांत.

हा कंटाळाच आपल्याला हवा असतो. जेम्स फिशर यांनी 1954 मध्ये पक्ष्यांबद्दल लिहिताना एक कल्पना मांडली, की हद्दीवरचे ओळखीचे शेजारी एकमेकांशी तेवढे भांडत नाहीत जेवढे ते परक्याशी भांडतात, आणि नंतर ही गोष्ट माशांसकट पुष्कळ प्राण्यांत दिसली. शेजाऱ्याची हद्द ठरलेली असते, त्याला काय हवंय ते कळून चुकलेलं असतं. परक्याला काय हवंय कोणास ठाऊक, कदाचित सगळंच. आणि मासे एकमेकांना ओळखतात का या शंकेला मी तरी रजा दिलीये. आम्बोन डॅमसेल म्हणून एक पिवळा मासा आहे, 2010 मध्ये उल्रिके सीबेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे मासे चेहऱ्यावरच्या अल्ट्राव्हायोलेट नक्षीवरून आपली जात आणि तशीच दिसणारी दुसरी पिवळी जात यांत फरक करतात. आपल्या डोळ्यांना ती नक्षी दिसतच नाही, आपल्याला दोन्ही नुसते पिवळे. तेव्हा डब्याच्या आत-बाहेर दोघं नुसतेच बघत बसलेत असं आपल्याला वाटतं, त्यात कायकाय वाचलं जात असेल ते आपल्या डोळ्यांना कळण्यातलं नाही.

इतर युक्त्यांबद्दल माझी मतं जरा तिरकी आहेत. दगडांची मांडणी बदला म्हणजे जुन्याचा नकाशा पुसला जातो आणि सगळेच नवीन होतात, हे तत्त्व म्हणून उत्तम आहे, आणि नुसत्या माशांच्या टाकीत चालतंही, पण कोरल चिकटवलेल्या रीफमध्ये एका माशासाठी सगळं उपसायचं, वर वाळूत साठलेली घाण ढवळून पाण्यात आणायची, आणि घाबरलेल्या नव्या माशाला त्या गढूळात सोडायचं, मला हे रोगापेक्षा औषध भारी वाटतं. लाईट बंद करून सोडा, हेही सांगतात. पहिली रात्र शांत जाते, मान्य, पण सकाळी लाईट लागतो तेव्हा मालक फेरीला निघतो आणि नवीन मासा अनोळखी जागेत एकटा, आणि आपण अजून झोपलेलो. त्यापेक्षा मी सुट्टीच्या दिवशी, दुपारी, समोर बसून सोडेन. आरसा मात्र मला आवडतो. टाकीच्या बाहेरून काचेला आरसा लावायचा, चिडका मासा आपल्याच प्रतिबिंबाशी वाद घालत बसतो आणि तेवढ्यात नव्याला टाकीत फिरून घेता येतं. पण तासाभराने काढायचा, दिवसभर ठेवला तर तो बिचारा स्वतःशीच भांडून थकतो. आणि सगळ्यात जुना नियम, गरीब मासे आधी आणि तापट शेवटी, तो सगळ्यात खरा आहे, फक्त आपल्याला तो कळतो तेव्हा टाकीत तापट मासा आधीच असतो. पूर्वी नवीन टाकी सायकल करायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात रुजवायला, डॅमसेल टाकायची पद्धत होती, काटक म्हणून. मग टाकी तयार व्हायची आणि तिचा हुकूमशहा तिच्याबरोबरच तयार व्हायचा.

बॉक्स उघडला तेव्हा मी आधी डॉटीबॅकला पोटभर खाऊ घातलं होतं. रॅसला ओतलं नाही, डबा पाण्यात नुसता कलता केला, ती आपली आपण बाहेर आली, अर्धी टाकी फिरली, डॉटीबॅक बिळातून सुटला तशी धप्पकन वाळूत. तो त्या जागेवर येऊन थांबला. वाळूकडे बघत. एवढा वेळ थांबला की मलाच हसू आलं, आत्ता इथे एक मासा होता, गेला कुठे. आणि मग तो परत गेला, कारण समोर कोणी नाही म्हणजे भांडण संपलं. वर म्हटलं ते 'नजरेआड' इतक्या सरळ पाहायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढचे काही दिवस मी पाठलाग वाचत बसले, हो, वाचतच, कारण सगळे पाठलाग सारखे नसतात. जो पाठलाग एका ठराविक जागेवर येऊन थांबतो तो चांगला, तिथे त्याची हद्द संपते एवढंच तो सांगतोय, आणि दुसरा ते शिकतोय. जो पाठलाग हद्द ओलांडून पुढे जातो, दुसरा लपला तरी बाहेर पहारा देतो, आणि खायच्या वेळीसुद्धा खाणं सोडून मागे लागतो, तो वाईट, तिथे लगेच हात घालायचा. फाटलेले पंख मला तेवढे घाबरवत नाहीत, पंख भरून येतात. न खाणं घाबरवतं. टाकीतले मासे मार खाऊन क्वचित मरतात, ते खायला बाहेर न पडता आल्यामुळे आणि सततच्या धास्तीने प्रतिकारशक्ती ढासळल्यामुळे मरतात, आणि मग आपण म्हणतो काही कळलंच नाही, अंगावर जखम नव्हती. आणखी एक, झाकण. बारीक जाळीचं. पळायला जागा नसलेला मासा तिसरी दिशा शोधतो, वर, आणि रॅस किंवा फायरफिश सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो.

हात घालायचा म्हणजे कोणाला काढायचं? नव्याला काढलं तर काहीच शिकवलं जात नाही, उलट मालकाला कळतं की त्रास दिला की पाहुणा जातो. मालकाला काढून काही दिवस त्याच डब्यात ठेवला, आणि नव्याला टाकी मोकळी दिली, की परत आल्यावर तो त्याच बिळात जातो खरा, पण आता टाकीत आधीपासून असलेला तो एकटा नसतो. जागेवर आधी असलेला सहसा जिंकतो हा प्राण्यांतला बराच पक्का नियम आहे, लहान असला तरी, म्हणून तर हा उपाय चालतो. अडचण एवढीच की रीफ टाकीत डॉटीबॅक पकडणं म्हणजे महिन्याभराचा प्रकल्प. सापळा लावा, आमिष ठेवा, सगळे मासे आत जाऊन खाऊन येतात, हा बिळातून बघत राहतो.

माझ्यावर ती वेळ आली नाही, आणि त्याचं श्रेय माझ्या बॉक्सपेक्षा क्लाउनफिशला जास्त जातं. झालं असं की रॅस पळताना उजवीकडे यायची, डॉटीबॅक मागे, आणि क्लाउनची मादी तीरासारखी बाहेर येऊन ज्याचा अंगाने दबदबा जास्त त्याच्यावर, म्हणजे डॉटीबॅकवर जायची, टक टक टक असा दात आपटल्याचा आवाज काचेबाहेर ऐकू येईल असा. रॅसकडे ती दुर्लक्ष करायची, पिवळी काडी आपल्या कोरलजवळ थांबत नाही, काही मागत नाही, जाऊ दे. चार-दोन वेळा असं झालं आणि रॅसने ती जागा पकडली, दोन राज्यांच्या मधली, कोणाचीच नसलेली. डॉटीबॅक तिथपर्यंत येतो आणि क्लाउनचा अंदाज घेऊन परततो. क्लाउन तिथपर्यंत येते आणि परतते. या पट्टीतच बुडाला वाळू सगळ्यात जाड आहे, हा मात्र निव्वळ योगायोग, पंपाचा प्रवाह वाळू तिकडे ढकलतो.

आता ती टाकीभर फिरते, डॉटीबॅकच्या बिळावरूनही जाते, तो डोकं बाहेर काढतो, एखाद्या संध्याकाळी लाईट उतरायच्या वेळी अजूनही अंगावर जातो, दोन वीत, आणि परत. ते मी चालवून घेते.

हे सगळं ऐकल्यावर कोणी ना कोणी म्हणतंच, एवढा जाच आहे तर डॉटीबॅकच काढून टाक ना, मग ग्रामा आण, गरीब मासा आहे, दिसतोही तसाच. दिसतो, म्हणूनच नाही. हा असेपर्यंत या टाकीत ग्रामा येणार नाही, आणि याला काढायचं म्हणजे निम्मे दगड उपसायचे. शिवाय तो ब्रिसलवर्म नावाचे काटेरी किडे खातो, नियमित, तक्रार न करता. माझ्या यादीत अजून एक फ्लेम एंजल आहे, त्याला मात्र शेवाळ लागतं, बिळं लागतात, आणि स्वभाव डॉटीबॅकच्या तोडीस तोड. सध्या मी संध्याकाळी टाकीसमोर बसून एवढंच मोजतेय की उजवीकडच्या मागच्या दगडांत कोणाची फेरी न जाणारी किती भोकं आहेत. आत्तापर्यंत एकच सापडलंय, आणि त्यात क्लीनर श्रिंप, माशांची अंगं साफ करणारा झिंगा, राहतो.